कोलंबाच्या गोष्टी मराठीत: प्रकल्प नोंदी

१३ जानेवारी २०२४

शनिवारच्या मराठी शाळेत आज आसपासच्या गावांची नावं घेतली. ग्लासगोच्या पश्चिमेला किल्मकोम नावाचं गाव आहे. 'किल' म्हणजे चर्च, मधला 'म' म्हणजे 'माझा', आणि उरला तो कोलम. माझ्या कोलमचं चर्च. नऊ वर्षांच्या एका मुलीने लगेच विचारलं, "मावशी, माझ्या म्हणजे कुणाच्या?" मी म्हटलं, आपण 'माझा विठू' म्हणतो ना, तसं. गेलिक ही इथली जुनी भाषा बोलणारे लोक लाडक्या संताच्या नावाआधी 'माझा' लावायचे. तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. "पण तो होता कोण?"

दोन वाक्यांत मला सांगता आलं नाही. घरी येताना ठरवून टाकलं, याची पुस्तिका करायची. संत कोलंबा सहाव्या शतकात आयर्लंडहून होडीने आला आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयोना नावाच्या लहानशा बेटावर त्याने मठ उभारला. ही मुलं ज्या रस्त्यांवरून रोज जातात तिथल्या चर्चवर, शाळांवर त्याचं नाव आहे. मराठीतून त्याची ओळख त्यांना झाली पाहिजे.

बारा गोष्टी घ्यायच्या. तो बारा सोबती घेऊन आला असं सांगतात, म्हणून बारा. मुदत ९ जून, त्याच्या सणाचा दिवस. चित्रं नाशिकची मैत्रीण काढणार. लॅटिनसाठी आणि ख्रिस्ती मराठीतल्या शब्दांसाठी वसईचे एक निवृत्त फादर मदत करायला तयार झालेत.

नियम एकच. प्रत्येक गोष्टीखाली तीन ओळी असतील: ही पहिल्यांदा कोणी लिहिली, कोलंबा गेल्यानंतर किती वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याला कुणी सांगितली. या ओळींना 'गोष्टीची जन्मतारीख' म्हणायचं. खरं एका डब्यात आणि खोटं दुसऱ्या डब्यात, असं मला करायचं नाही.

२७ जानेवारी

दोन आठवडे आदोम्नान वाचत होते. कोलंबाविषयी आपल्याला जे काही जवळून कळतं त्यातलं बहुतेक त्याच्याकडूनच. हा आयोनाचा नववा मठाधिपती, कोलंबाच्याच कुळातला. कोलंबा गेला ५९७ मध्ये, आदोम्नानने चरित्र लिहिलं सुमारे ७०० मध्ये. म्हणजे मध्ये शंभर वर्षं. पुस्तकाचे तीन भाग: भविष्यकथनं, चमत्कार, देवदूतांची दर्शनं. जन्मापासून मरणापर्यंत ओळीने काही सांगितलेलं नाही. त्यामुळे कालक्रम हुडकायला बसलं की हाती फार थोडं लागतं. माणूस कसा होता हे पाहायला बसलं की खूप लागतं.

शंभर वर्षं ऐकून आधी मन खट्टू झालं होतं. मग एर्नेनेचा उल्लेख सापडला. कोलंबा गेला त्या रात्री हा तरुण मठवासी आयर्लंडमध्ये फिन नदीच्या खोऱ्यात मासे धरत होता, आणि अचानक सगळं आकाश उजळलेलं त्याने पाहिलं. म्हातारपणी त्याने ते आदोम्नानला सांगितलं. तेव्हा आदोम्नान तरुण होता. दोन आयुष्यं एकाला एक जोडली की शतक संपतं. आमच्या पणजीने आजीला सांगितलेलं मी आजीकडून ऐकलं, ते तर याहून लांबचं.

या चरित्राची सर्वांत जुनी प्रत स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनच्या ग्रंथालयात आहे. ती आयोनाच्याच दोर्बेने नावाच्या लहियाच्या हातची. तो ७१३ मध्ये वारला. आदोम्नान गेला ७०४ मध्ये, म्हणजे ही नक्कल जवळजवळ त्याच्या डोळ्यांसमोरची म्हणायला हवी. चरित्राच्या शेवटी आदोम्नानने पुढच्या लहियांना ख्रिस्ताची शपथ घातली आहे: नक्कल झाली की ती मूळ प्रतीशी काळजीपूर्वक ताडून पाहा, चुका दुरुस्त करा, आणि ही शपथही याच जागी उतरवून घ्या. कागदाच्या कपट्यावर हे लिहून टेबलासमोर चिकटवलं आहे.

४ फेब्रुवारी

आज फक्त शब्द. फादरांशी तासभर बोलणं झालं.

कोलंबा म्हणजे लॅटिनमध्ये कबुतर. आयरिश लोक त्याला कोलम किल म्हणतात, चर्चचं कबुतर. मी 'पारवा' लिहिलं होतं, शब्द गोड वाटला म्हणून. फादर म्हणाले, "बाई, पवित्र आत्म्याचं रूप म्हणून आमच्याकडे कबूतरच म्हणतात. पारवा म्हटलात तर छपरावर घुमणारा पक्षी डोळ्यांसमोर येईल." पटलं. कबूतर.

'भिक्षू' नको, मराठी वाचकाला बौद्ध विहार आठवतो. 'मठवासी' ठरलं. 'साम' (psalm) या बायबलमधल्या स्तोत्रांसाठी 'स्तोत्रसंहिता' हा मराठी बायबलमधला शब्द आहेच, 'स्तोत्रांची पोथी' असं म्हणता येईल. इंग्लंडचा जुना इतिहासकार बीड याला प्रत्येक वेळी 'इतिहासकार बीड' लिहायचं, नुसतं बीड लिहिलं तर जिल्हा वाटेल.

मठाधिपतीला गेलिकमध्ये 'आबा' म्हणतात. मागे शोधत गेलं तर वाट येशूच्या अरामी भाषेतल्या 'अब्बा'पर्यंत जाते, म्हणजे बाप. वर्गातली निम्मी मुलं आजोबांना आबा म्हणतात. पुस्तिकेत मठवासी कोलंबाला 'आबा' अशीच हाक मारतील. याहून चांगला शब्द मला बाहेरून आणता आला नसता.

१७ फेब्रुवारी

नकलेची गोष्ट. हीच सर्वांना ठाऊक असते, आणि हिच्यावरच माझा सर्वांत जास्त वेळ गेला.

गोष्ट अशी. कोलंबाने आपल्या गुरूकडची, फिनिअनकडची, स्तोत्रांची पोथी रात्री लपूनछपून उतरवायला घेतली. दिवा नव्हता, तर त्याच्या उजव्या हाताची पाच बोटं पाच मेणबत्त्यांसारखी उजळली. फिनिअनला कळलं. तो म्हणाला, नक्कल माझी. कोलंबा म्हणाला, मी लिहिली ती माझी. तंटा आयर्लंडमधल्या तारा इथला राजा दिअर्मित याच्यापुढे गेला. राजाने निवाडा दिला: जिची गाय तिचं वासरू, ज्याची पोथी त्याची नक्कल. कोलंबाने तो मानला नाही, त्याचे भाऊबंद राजाविरुद्ध उठले, ५६१ मध्ये कूल ड्रेम्नेची लढाई झाली, माणसं मेली, आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून कोलंबाने मायदेश सोडला.

आता जन्मतारीख. ही गोष्ट या पूर्ण रूपात मानुस ओडॉनेलने १५३२ मध्ये लिहिली. कोलंबाच्या मृत्यूनंतर ९३५ वर्षांनी. ओडॉनेल हे आयर्लंडमधल्या डोनेगलचं सरदार घराणं, कोलंबाच्या कुळाचा वारसा सांगणारं, आणि कोलंबाने लिहिलेली मानली गेलेली पोथी याच घराण्याशी जोडलेली. म्हणजे पोथी ज्यांची, गोष्टही त्यांचीच.

आदोम्नान काय म्हणतो? लढाईचा उल्लेख तो करतो, पण फक्त काळ सांगायला: लढाईनंतर दुसऱ्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, ख्रिस्तासाठी परदेशी व्हावं म्हणून तो निघाला. पोथीविषयी चकार शब्द नाही. पण दुसऱ्या एका ठिकाणी तो सांगतो की एका धर्मसभेने कोलंबाला बहिष्कृत केलं होतं, क्षुल्लक आणि क्षमा करण्याजोग्या कारणांवरून, आणि तेही चुकीचंच होतं. कोलंबा सभेत आला तेव्हा आयर्लंडमधल्या बिर गावचा संत ब्रेंडन उठून उभा राहिला आणि त्याने कोलंबाला प्रेमाने चुंबन दिलं. बाकीचे रागावले. ब्रेंडन म्हणाला, याच्यापुढे तेजाचा खांब चालताना मी पाहिला.

कारणं क्षुल्लक होती तर सभा कशाला भरली? मला वाटतं, मठाला जे आठवायला नको होतं असं काहीतरी तेव्हा घडलं, आणि ती रिकामी जागा लोकांनी पुढे पोथीच्या गोष्टीने भरली. पोथीच का, हेही कळतं. ज्याला आयुष्यभर लिहिताना पाहिलं, त्याचं मोठं पाप आणि मोठं प्रेम दोन्ही लोकांनी लिहिण्यातच ठेवलं. गोष्ट पुस्तिकेत राहणार. खाली '९३५ वर्षांनी' हे ठळक छापायचं.

पोथी मात्र खरी आहे. डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत तिची चामड्याची ५८ पानं आहेत. नाव 'काहाख', म्हणजे लढवय्यी. काळ सहाव्या शतकाची अखेर किंवा सातव्याची सुरुवात. अकराव्या शतकात तिच्यासाठी धातूने मढवलेली पेटी केली, आणि ओडॉनेलांच्या फौजेभोवती लढाईआधी ती पेटी तीनदा उजवीकडून फिरवत. १८१३ मध्ये पेटी उघडली तेव्हा आत पानांचा चिकटून गोळा झालेला होता. प्रेमाने उतरवलेल्या स्तोत्रांना लढाईचं नाव मिळालं, याचं मला वाईट वाटतं.

तिच्यात एक लकब आहे. स्तोत्राचं पहिलं अक्षर मोठं, दुसरं त्याहून लहान, तिसरं आणखी लहान, असं उतरत ओळीला मिळतं. मैत्रिणीला फोटो पाठवले. देवनागरीत हे करायचं तर शिरोरेषेचं काय? तिने रात्री नमुना पाठवला: शिरोरेषा पायरीपायरीने खाली येते. सुंदर दिसतं. बाराही गोष्टींची सुरुवात अशीच.

२ मार्च

तारखा. आयोनाला येण्याचं साल ५६३ घेतलं. इतिहासकार बीड ५६५ म्हणतो. मी पहिल्या मसुद्यात एका पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं लिहून बसले होते, ते निस्तरलं. बेट कुणी दिलं? बीडच्या मते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या पिक्ट लोकांनी. आयरिश बखरींच्या मते डाल रियाटा या पश्चिमेकडच्या गेलिक राज्याचा राजा कॉनल याने. दोन्ही राज्यांना ते दान आपलं असावंसं वाटलं. दोन्ही छापू.

१६ मार्च

आज वर्गात नेस नदीची गोष्ट वाचून पाहिली.

कोलंबा पिक्टांच्या मुलखात नेस नदीकाठी आला, तर तिथे लोक एका माणसाला पुरत होते. पोहताना त्याला पाण्यातल्या जनावराने चावलं होतं. कोलंबाने लुग्ने नावाच्या आपल्या सोबत्याला सांगितलं, पोहून जा आणि पलीकडची होडी घेऊन ये. लुग्नेने अंगरख्यानिशी उडी मारली. जनावर तळाशी होतं, पाणी ढवळलेलं जाणवताच जबडा वासून वर आलं. माणूस आणि जनावर यांत एका लग्गीएवढं अंतर उरलं. कोलंबाने हात उचलून हवेत क्रूस काढला: पुढे येऊ नकोस, त्याला शिवू नकोस, मागे फीर. दोरखंडांनी मागे ओढल्यासारखं जनावर पळालं.

"नेसी!" सगळे एकदम ओरडले. मग मी त्यांना विचारलं, तळं कुठे आहे यात? आदोम्नानने नदी सांगितली आहे. नेस तळ्यातल्या राक्षसाचा गाजावाजा १९३३ पासूनचा, वर्तमानपत्रांतला. त्यानंतर लोकांनी मागे वळून या जुन्या गोष्टीला त्याचा पुरावा केलं. म्हणजे या गोष्टीला दोन जन्मतारखा द्याव्या लागतील, एक सुमारे ७०० ची आणि दुसरी १९३३ ची. एक मुलगा म्हणाला, "पण लुग्ने कसा काय गेला? आधीचा माणूस मेलेला त्याने पाहिला होता ना?" जनावराविषयी सगळे बोलतात, लुग्नेविषयी हा एकटाच बोलला. चित्रात लुग्ने पुढे हवा, जनावराचा फक्त पाठीचा उंचवटा. मैत्रिणीला कळवलं.

२३ मार्च

माझी सर्वांत लाडकी गोष्ट आज संपवली.

पिक्टांचा राजा ब्रिडेई याच्या दरबारी ब्रोइखन नावाचा मांत्रिक होता. त्याच्याकडे एक आयरिश मुलगी गुलाम होती. कोलंबाने मागितलं, हिला सोड. मांत्रिक नाही म्हणाला. राजासमोरच कोलंबाने त्याला बजावलं, मी जाण्याआधी हिला सोडलं नाहीस तर जगणार नाहीस. मग नदीवर जाऊन त्याने एक पांढरा गोटा उचलला. इतक्यात घोडेस्वार आले: ब्रोइखनच्या हातातला काचेचा प्याला फुटला, त्याला श्वास घेता येत नाही, तो मुलीला सोडायला तयार आहे. कोलंबाने गोटा दिला. अट एकच, मुलगी आधी सुटली पाहिजे. ती सुटली. गोटा पाण्यात टाकला तर फळासारखा तरंगला, आणि ते पाणी पिऊन मांत्रिक बरा झाला. गोटा राजाच्या खजिन्यात राहिला. पुढे ब्रिडेईचा अंतकाळ आला तेव्हा शोधला, तर सापडला नाही.

मुलीचं नाव आदोम्नान देत नाही. मीही दिलं नाही, मनातून देऊन पाहिलं होतं.

हे लिहिणाऱ्या आदोम्नाननेच ६९७ मध्ये बिर इथे राजांना आणि धर्मगुरूंना एकत्र करून एक कायदा मान्य करून घेतला: लढाईत बायका, मुलं आणि धर्मसेवक यांच्यावर हात टाकायचा नाही. चरित्र त्याच सुमाराचं. गुलाम मुलीसाठी राजासमोर उभा राहिलेला कोलंबा आदोम्नानला का सांगावासा वाटला असेल, हे मला या कायद्यापाशी येऊन कळलं. ही ओळ जन्मतारखेत घातली, जरा लांबली तरी.

६ एप्रिल

गाळलेल्या गोष्टी. 'जिथे गाय तिथे बाई, जिथे बाई तिथे कटकट' असं म्हणून कोलंबाने बेटावरून गाई आणि बायका दोन्ही हाकलल्या, अशी एक प्रसिद्ध दंतकथा आहे. शेजारच्या एका लहान बेटाला बायकांचं बेट म्हणतात, तेही याच्याशी जोडतात. पण आदोम्नानच्या मठात गोठा आहे आणि गोठ्यातून दूध वाहून आणणारा घोडा आहे. गाई नव्हत्या तर दूध कुठून आलं? नंतरच्या कुणीतरी आपलं मत संताच्या तोंडी घातलं. हिला बारांत जागा नाही.

कोलंबाचा सोबती ओरन याची गोष्ट अवघड आहे. मठाची भिंत उभी राहीना म्हणून ओरनला जिवंत पुरलं, आणि तीन दिवसांनी उकरलं तर त्याचं डोकं बोलू लागलं, असं ऐकिवात आहे. आदोम्नानमध्ये नाही. बाराव्या शतकातल्या आयरिश चरित्रात ओरन स्वखुशीने बेटावर पहिला मरतो, एवढंच आहे. भिंतीसाठी बळी ही कल्पना आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि पुलांच्या गोष्टींतही सापडते. लहान मुलांच्या पुस्तिकेत नको. शेवटच्या पानावर 'नंतर आलेल्या गोष्टी' म्हणून मोठ्यांसाठी दोन परिच्छेद.

२० एप्रिल

पोथी आणि पाणी. बॉयन नदीत घोड्यावरून पडून एक तरुण बुडाला. काखेत चामड्याची पिशवी, तिच्यात पुस्तकं. वीस दिवसांनी प्रेत सापडलं. बाकीची पानं कुजली होती, कोलंबाच्या हातचं एक पान कोरडं होतं. हे वाचताना इंद्रायणी आठवल्याशिवाय कुठल्याही मराठी माणसाला राहवणार नाही. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या. दोन्हीकडे पाण्याने अक्षर राखलं. पुस्तिकेत मात्र तुलना लिहिली नाही, आई-वडील वाचताना आपणच सांगतील.

मठातली नेहमीची कामं ज्यांत दिसतात त्या दोन छोट्या गोष्टी एकत्र केल्या. एकदा सामुद्रधुनीपलीकडून कुणीतरी हाक मारत होतं. कोलंबा म्हणाला, हा आज माझी दौत सांडणार. पाहुणा आला, पाया पडायला घाईने वाकला, आणि त्याच्या अंगरख्याच्या काठाने दौत कलंडली. दुसरी: बाइथेने नावाचा मठवासी म्हणाला, मी स्तोत्रांची पोथी उतरवली आहे, तपासायला एखादा भाऊ द्या. कोलंबा म्हणाला, कशाला त्रास? तुझ्या पोथीत एक अक्षर जास्त नाही, आणि कमी एकच आहे, एक 'इ'. पाहिलं तर तसंच. फादर फोनवर खूप हसले आणि म्हणाले, "आपल्याकडे वेलांटी गेली म्हणायची."

११ मे

आयोना. ओबानहून मोठ्या फेरीने मल नावाचं बेट, त्यावरून सुमारे साठ किलोमीटरचा अरुंद रस्ता, मग दहा मिनिटांची छोटी फेरी. आयोना पाच किलोमीटर लांब, सर्वांत उंच टेकडी शंभर मीटर. आज उभा आहे तो दगडी मठ कोलंबाचा नाही, तो साधारण १२०० सालचा बेनेडिक्टाइन मठ. कोलंबाच्या वेळचं सगळं लाकडाचं आणि कुडाचं होतं. दारासमोर सेंट मार्टिनचा क्रूस आठव्या शतकापासून तिथेच उभा आहे. त्याच्या पायाशी हात टेकला तेव्हा दगड उन्हाने गरम होता.

त्याच्या जवळच एक खडकाळ उंचवटा आहे, टॉर अन आबा, आबांची टेकडी. कोलंबा उंचावरच्या फळ्यांच्या खोलीत लिहायचा असं आदोम्नान सांगतो. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ चार्ल्स थॉमस यांना इथे जळक्या झोपडीचा कोळसा सापडला. तेव्हा काळ मोजण्याचं तंत्र बाळबोध होतं. ते नमुने अनेक वर्षं कॉर्नवॉलमध्ये त्यांच्या गॅरेजमध्ये पडून राहिले. २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी निकाल जाहीर केला: हेझलच्या फांद्यांचा तो कोळसा ५४० ते ६५० या काळातला. कोलंबाचं नाव कोळशावर लिहिलेलं नसतं. पण तो इथे होता त्याच काळात या टेकडीवर झोपडी होती, हे ठरलं. मुलांसाठी ही तेरावी गोष्ट आहे, आणि हिची जन्मतारीख प्रयोगशाळेने दिली आहे.

दक्षिण टोकाला तो उतरला ती खाडी, कुराखचं बंदर. कुराख म्हणजे वेताच्या सांगाड्यावर कातडं ताणलेली होडी. लाटांबरोबर गोटे खळखळत होते, काही हिरवे. इथून आयर्लंड दिसत नाही म्हणून तो थांबला, असं सांगतात. जवळच्या दगडांच्या राशीचं नावच 'आयर्लंडकडे पाठ' असं आहे.

दुपारी पश्चिम किनाऱ्यावर बसून क्रौंचाची गोष्ट लिहिली. घरी महिनाभर जमत नव्हती. कोलंबाने एका मठवाशाला बोलावून सांगितलं: आजपासून तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या किनाऱ्यावर वाट बघत बस. दुपार कलल्यावर उत्तर आयर्लंडकडून एक क्रौंच येईल, वाऱ्याने फेकलेला, थकलेला, तुझ्यासमोर वाळूवर कोसळेल. त्याला अलगद उचल, जवळच्या घरात ने, तीन दिवस तीन रात्री खाऊ घाल. मग त्याला आपल्याकडे राहायचं नसेल, तो परत जाईल. मी तुला हे इतकं सांगतो कारण तो माझ्या देशाचा आहे.

सगळं तसंच झालं. पक्षी आला, राहिला, ताकद आल्यावर उंच उडाला, वाट पाहिली आणि सरळ आयर्लंडकडे गेला.

'माझ्या देशाचा' इथे माझं अडत होतं. खाडीकडे बघताना शब्द आला: माहेरचा. मी बावीस वर्षं या देशात आहे. कोल्हापूरचं कुणी दारात आलं तर आधी पाणी देते, नाव नंतर विचारते. पाठ फिरवलेल्या माणसाने किनाऱ्यावर पाखराची वाट बघायला माणूस बसवला, हे आदोम्नानने लिहून ठेवलं याबद्दल मी त्याची ऋणी आहे. फादरांना विचारलं, पुरुषाच्या तोंडी माहेर चालेल का? ते म्हणाले, "वारकऱ्यांना चालतं, मग आम्हाला का नाही?"

२५ मे

छपाईचा नमुना आला आणि जोडाक्षरं फुटलेली. 'ख्रिस्त'चा 'ख्' आणि 'रिस्त' वेगळे, 'क्रौंच' ओळखू येईना. छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट दुसराच बसला होता. चार संध्याकाळी यात गेल्या. आता अक्षरं बाह्यरेखा करून पाठवायची.

यातून आठवलं आणि एक चौकट वाढवली. आदोम्नान बेटाला 'आयोवा' अशा नावाने लिहितो. पुढे कुणा लहियाने 'यू'चा 'एन' वाचला आणि बेट 'आयोना' झालं. हिब्रूत 'योना' म्हणजे कबूतर, आणि चरित्राच्या सुरुवातीलाच आदोम्नानने ते नोंदवलं आहे, कोलंबाचं नाव हिब्रूत हेच म्हणून. नकलेतल्या चुकीने बेटाला त्याच्या संताचं नाव लागलं. चूक झालेल्या त्या अनाम लहियाला मी मनोमन हात जोडले.

८ जून

वर्षातला शेवटचा वर्ग. बारावी गोष्ट आज शनिवारी वाचायची असं मी मुद्दाम ठेवलं होतं, कारण ती शनिवारीच घडते. ५९७ मध्येही ९ जूनला रविवार होता, उद्यासारखाच.

म्हातारा कोलंबा दिअर्मित नावाच्या सेवकाबरोबर कोठारात जातो. धान्याच्या दोन राशी बघून समाधानाने म्हणतो, मी गेलो तरी माझ्या माणसांना वर्षभर पुरेल. परतताना दमून वाटेत बसतो. तेवढ्यात दुधाच्या चरव्या वाहणारा पांढरा घोडा येतो, त्याच्या छातीवर डोकं ठेवतो आणि रडू लागतो. सेवक हाकलायला जातो. कोलंबा म्हणतो, राहू दे. तू माणूस असून तुला माझं जाणं मी सांगेपर्यंत कळलं नाही, याला त्याच्या निर्मात्याने कळवलं.

मग तो छोट्या टेकडीवर चढून मठाला आशीर्वाद देतो आणि खोलीत येऊन स्तोत्रांची पोथी लिहायला बसतो. चौतिसावं स्तोत्र, दहावी ओळ: परमेश्वराला शोधणाऱ्यांना कशाचंही उणं पडणार नाही. पान संपतं. तो म्हणतो, इथे थांबायला हवं, पुढचं बाइथेनेने लिहावं. मध्यरात्रीची घंटा होते. सगळ्यांच्या आधी तो धावत चर्चमध्ये जातो. अंधारात दिअर्मित हाका मारतो, "आबा, कुठे आहात आबा?" वेदीसमोर सापडतात. दिवे येतात. उजवा हात दिअर्मित उचलून धरतो, आशीर्वादासाठी.

मागच्या बाकावर एक आजोबा नातीला घ्यायला आले होते, त्यांनी चष्मा काढून ठेवला. पहिल्या बाकावरची, जानेवारीत प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "घोड्याचं पुढे काय झालं?" आदोम्नान सांगतो, उदास होऊन तो परत गेला. एवढंच लिहिलं आहे, एवढंच सांगितलं.

मग लुग्नेविषयी विचारणारा मुलगा नमुना प्रत हातात घेऊन माझ्याकडे आला. "मावशी, इथे बघा." पान २७.

९ जून

पान २७ वर 'लहिलं' होतं, 'लिहिलं' केलं. उरलेली पानं मूळ मसुद्याशी पुन्हा एकदा ओळीने ताडली, मुलगा मोठ्याने वाचत होता, मी बघत होते. आणखी काही सापडलं नाही. फाइल रात्री साडेदहाला पाठवली. बाहेर अजून उजेड होता.